आमची वाटचाल : यादीतल्या वस्तूंपासून कळीच्या यंत्रणांपर्यंत

आमच्या कंपनीची सुरुवात झाली ती संगणक आणि सर्व्हरच्या देखभालीच्या वार्षिक करारांवर. नवीन ग्राहक मिळाला की आधी हातात यायची खरेदी विभागाची यादी. ती किमतीच्या क्रमाने लावलेली असायची. महागडं स्टोरेज सगळ्यात वर, आणि ज्याच्यावाचून खरंच काम अडतं ते बऱ्याचदा यादीतच नाही.

एका ग्राहकाच्या गोदामात मालाची लेबलं छापणारा प्रोग्रॅम एका जुनाट पीसीवर चालायचा. टेबलाखाली ठेवलेला, वर चिकटपट्टीने लावलेला कागद : ‘बंद करू नये’. प्रोग्रॅमच्या लायसन्सचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही तो छोटा तुकडा, त्याच पीसीला. घसारा जाऊन त्याची पुस्तकी किंमत केव्हाच शून्यावर आलेली. पण तो बसला असता तर भरलेली एकही गाडी फाटकाबाहेर पडली नसती. असल्या गोष्टी हुडकून त्यांची नीट व्यवस्था लावणं हाच आपला धंदा असायला हवा, हे आम्हाला तिथे पटलं.

जून २०१७ मध्ये संगणकांतला डेटा निकामी करणाऱ्या नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्कसारख्या अवाढव्य जहाज कंपनीला आडवं केलं. जगभरातल्या त्यांच्या डोमेन कंट्रोलरपैकी, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरपैकी, घानातला एकच वाचला, कारण तिथली वीज गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी नेटवर्कवर नव्हता. कोणी कुठे लॉगिन करायचं हे ठरवणारी यंत्रणाच गेली, तर बाकीचे सर्व्हर धड असूनही उपयोग नाही. तेव्हापासून ग्राहकाच्या कळीच्या यंत्रणांची जी नोंदवही आम्ही करतो, त्या प्रत्येक नोंदवहीत लॉगिनची यंत्रणा वरच्या रांगेत असते. डिसेंबर २०२१ मध्ये असंख्य प्रोग्रॅमच्या आत वापरल्या जाणाऱ्या लॉग४जे या तयार घटकातली त्रुटी उघड झाली, तेव्हा प्रत्येक ग्राहकाचा एकच प्रश्न होता : ‘हे आपल्याकडे आहे का?’ यंत्रांच्या यादीतून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरच्या आत कोणते घटक वापरलेत याची नोंद लागते. ते काम आम्ही तेव्हा हाती घेतलं आणि आजही ते सगळ्यात किचकट आहे.

नोंदवहीसाठी यादी करताना आम्ही आयटीवाल्यांच्या आधी डिस्पॅच, हिशेब आणि पगार पाहणाऱ्यांशी बोलतो. हे बंद पडलं तर किती वेळाने काम थांबेल? यातली माहिती बाहेर फुटली तर? आणि कोणी गुपचूप आकडे बदलले तर कळेल का? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण विचारात पडतात. प्रत्येक विभागाला आपलीच यंत्रणा अत्यावश्यक वाटते, साहजिक आहे. पण यादी दहा-बारांच्या पुढे गेली की मी ती परत पाठवतो. सगळंच महत्त्वाचं म्हटलं, की अडचणीच्या दिवशी आधी काय उभं करायचं हे कोणालाच ठरवता येत नाही.

यादीतून हमखास सुटणाऱ्या गोष्टी म्हणजे डोमेन नावाची (वेबसाइटच्या पत्त्याची) नोंदणी, एन्क्रिप्शनच्या (कुलूपबंद केलेला डेटा उघडणाऱ्या) किल्ल्या आणि क्लाउडच्या मुख्य खात्याचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नंबर. नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे तो नंबर असला, तर कंपनीचा सगळा कारभार त्याच्या खिशात आहे.

बॅकअपच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसली म्हणून आमचं समाधान होत नाही. कोऱ्या मशीनवर डेटा परत चढवायचा, संबंधित विभागाच्या माणसाने त्यात खरं काम करून पाहायचं आणि लागलेला वेळ लिहून ठेवायचा. बॅकअपचं लॉगिनही कंपनीच्या नेहमीच्या लॉगिन यंत्रणेपासून वेगळं, कारण रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) चालवणारे आधी बॅकअपच पुसायला बघतात.

‘निस्ट’ या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सायबर सुरक्षा चौकटीच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यवस्थापनाच्या जबाबदारीला स्वतंत्र स्थान दिलं. आम्हाला त्याचा मनापासून आनंद झाला. कळीच्या प्रत्येक यंत्रणेसमोर आम्ही एकाच माणसाचं नाव लिहितो, आणि तो माणूस ती यंत्रणा वापरणाऱ्या विभागाचा प्रमुख असतो. नवीन करार करताना आमची अट आता एवढीच असते : नोंदवही दर तिमाहीला मालकांच्या टेबलावर जाईल आणि ती वाचून ते स्वतः सही करतील.