न्हाणीतलं श्वेतविवर

नळाची धार फरशीवर पडली की भोवती काचेसारखं पातळ पाणी पसरतं आणि वीतभर जायच्या आत एकदम उभं राहतं. चांदीचं कडंच! बाहेरच्या लाटा त्या कड्यावर येऊन थबकतात, आत शिरत नाहीत.

उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग खोलीवर ठरतो: सेंटिमीटरभर खोलीला सेकंदाला साधारण ३१ सेंटिमीटर, मिलिमीटरभर खोलीला जेमतेम १०. कड्याच्या आतलं पाणी याहून जोरात बाहेर पळतं. बाहेर पडता येतं, आत जाता येत नाही. कृष्णविवराच्या नेमकं उलट, म्हणून श्वेतविवर. वाहत्या द्रवात आवाजही असाच अडकेल, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम अनरू यांनी १९८१ साली मांडलं.

करून पाहायचं तर मोटरीची थेट धार नको, कडं नाचतं. टाकीचा नळ घ्यावा, दहा सेकंदांत लिटर भरेल इतका सोडावा. खाली कडप्प्याचा सुटा, सपाट तुकडा. परात नको, काठामुळे पाणी साचून कडं बुडतं. कडं एका बाजूला अंड्यासारखं लांबलं, तर त्या बाजूला उतार आहे. खाली कौलाची खापरी सारावी. तेलकट फरशीवर पाणी फाटतं, आधी राखेनं घासावी.

मग फड्याची काडी आत टेकवावी. मागं लाटांची पाचर उमटते. धारेजवळ ती निमुळती असते, काडी कड्याकडे सरकवावी तशी फाकत जाते आणि कड्याबाहेर मोडून जाते. २०११ साली फ्रान्समध्ये नीसच्या संशोधकांनी सिलिकॉन तेल वापरून याच पाचरीचे कोन मोजले. कडं गुरुत्वामुळे बनतं की पृष्ठताणामुळे, यावर मात्र अजून भांडण आहे. केंब्रिजच्या मंडळींनी २०१८ साली पृष्ठताणाची बाजू घेतली, कारण उभ्या भिंतीवरही कडं उमटतंच. आणि यातून गुरुत्व म्हणजे काय ते कळेल, अशी आशा धरू नये. सारखं आहे ते फक्त लाटांचं वागणं.

पाण्यातलं कृष्णविवर पाहायला ओलिताच्या दांडावर जावं. रातच्या लाईनीवर गव्हाला पाणी सोडलं, की आडव्या दगडावरून ते पातळ होऊन घसरतं. वेग लाटेला गाठतो ती रेघ कृष्णविवराची. दगडाखाली पाणी फेसाळून उभं राहतं ती श्वेतविवराची. कॅनडात व्हँकुव्हरला २०११ साली सहा मीटरच्या पाटात असाच उंचवटा ठेवून प्रवाहाविरुद्ध लाटा सोडल्या होत्या. दांडावर बॅटरी तिरपी धरावी. दगडाच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात बोट बुडवलं तर तरंग उलटा चढतो. घसरत्या पाण्यात बुडवलं, तर सगळा खालीच वाहून जातो.