भूल देणं थांबवलं

लातूरच्या खासगी दवाखान्यांत मी भूलतज्ज्ञ म्हणून काम करायचे. आमच्याकडे भूलतज्ज्ञ एका दवाखान्याचा नसतो. फोन आला की निघायचं. सकाळी हर्निया, दुपारी फ्रॅक्चर, अपरात्री सिझर. एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं, एमआरआयमध्ये मेंदूत आणि मज्जारज्जूत डाग निघाले, निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आजाराचं. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेतलं, नजर सुधारली, परत कामाला लागले.

पुढे बोटं बधिर व्हायला लागली. कमरेतली भूल स्पर्शावर चालते. दोन मणक्यांमधली फट अंगठ्याने चाचपायची. सुई आत जाताना आवरण भेदल्याचा बारीक झटका बोटांना कळतो, मग पाण्यासारखा थेंब येतो. थेंब येत होता, झटका कळेनासा झाला. बाळंतपणाला आलेल्या बाईच्या पाठीत सुई आहे आणि माझी बोटं मला काहीच सांगत नाहीत! मी त्याच आठवड्यात थांबायचं ठरवलं.

हे लोकांना पटवणं जड गेलं. या आजारात नसांवरचं मायलिनचं आवरण खराब होतं आणि अंगातली उष्णता जराशी वाढली तरी संदेश अडतात. मे महिन्यात एका दवाखान्यातून दुसऱ्यात पोचेपर्यंत माझे पाय लाकडासारखे व्हायचे. ऑपरेशन थिएटरच्या एसीत थोड्या वेळाने सावरायचे. सर्जनना दिसायची ती सावरलेलीच. "मॅडम, चांगल्या तर दिसताय की! रात्रीच्या केस सोडा, दिवसा या." बोलणं मायेचंच होतं. तरी प्रत्येकाला मी स्वतः भेटून सांगितलं आणि नवा भूलतज्ज्ञ रुळेपर्यंत थिएटरमध्ये नुसती सोबत उभी राहिले.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचं नाव आहे. सरकारी नोकरीत असते तर कलम २०नुसार त्याच वेतनावर दुसरं पद मागता आलं असतं. स्वतःची प्रॅक्टिस करणाऱ्याला तसा आधार नाही, आणि हे मला फार लागलं. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, तपासणीला गेले तर पहिला प्रश्न, "चालता येतं ना?" चालता येत होतं. मग न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदी आणि एमआरआयचे रिपोर्ट तारखेनुसार लावून समोर ठेवले, तेव्हा पुढचं बोलणं झालं. प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांच्या वर आकडा आला, त्यामुळे प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत दिव्यांगांसाठीची ७५,००० रुपयांची वजावट मिळते.

औषध चालू आहे. गुंतागुंतीचा रुग्ण असला की सर्जन फोन करून विचारतात, आणि मी सविस्तर सांगते.