तुम्ही विचारलंत म्हणून : या सपाटीवर सायकल कसली चालवता?

गणपतीच्या आरतीनंतर असो, कुणाच्या डोहाळजेवणात असो, ताटात दुसरा बटाटेवडा पडला की हा प्रश्न येतोच. "काकू, तुम्ही म्हणे शनिवारी पन्नास-पन्नास किलोमीटर सायकल मारता? पण जाता कुठे? शिकागोच्या बाहेर आहे काय बघायला? मका आणि सोयाबीन. सगळं आपलं पोळपाटासारखं सपाट." मी बहुतेक वेळा "तेवढाच व्यायाम" म्हणून सुटका करून घेते. ते खरं नाही. माझ्या वेगाला व्यायाम म्हणणं म्हणजे देवळाला घातलेल्या प्रदक्षिणेला धावण्याची शर्यत म्हणण्यासारखं आहे. पळणारी माणसं मला मागे टाकून जातात आणि जाताना हातही करतात.

तर आता नीट सांगते.

आधी सपाटीचं. इथे चढ नाही असं ज्याला वाटतं त्यानं पश्चिमेचा वारा अंगावर घेऊन तासभर पेडल मारावं. घाटाला निदान माथा असतो, वाऱ्याला तो नाही. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. शिकागोच्या पश्चिमेच्या व्हीटन या उपनगरातून पूर्वेला निघाले आणि सायकल आपोआपच पळायला लागली. पन्नाशी उलटल्यावर अंगात असा जोर कुठून आला म्हणून मीच स्वतःवर खूश. परत फिरले तेव्हा कळलं. अर्ध्या वाटेत फोन करून नवऱ्याला बोलावलं. तो आला, डिकीतून चाक बाहेर लोंबतंय अशी सायकल कोंबली आणि घरी पोचेपर्यंत चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर परवडलं असतं. तेव्हापासून नियम एकच : जाताना वारा तोंडावर घ्यायचा, येताना पाठीवर.

माझी नेहमीची वाट म्हणजे इलिनॉय प्रेअरी पाथ. प्रेअरी म्हणजे इथलं गवताळ रान. शंभर किलोमीटरच्या आसपास लांबी, बराचसा भाग चुनखडीच्या बारीक चुऱ्याचा. मेवूडपासून व्हीटनपर्यंत एक सरळ वाट, तिथे दोन फाटे फुटतात, एक ऑरोराकडे, एक एल्जिनकडे, आणि शिवाय बटाव्हिया आणि जिनिव्हाच्या लहान फांद्या. सगळ्या फांद्या शेवटी फॉक्स नदीला टेकतात आणि नदीकाठानं दुसरी वाट आहेच. म्हणजे एका फाट्यानं जायचं, काठाकाठानं सरकायचं आणि दुसऱ्यानं परत यायचं. आल्या वाटेनं परतायची पाळी नाही.

या वाटेवर पूर्वी विजेवर चालणारी आगगाडी होती, शिकागो ऑरोरा अँड एल्जिन, १९०२ साली सुरू झालेली. ती बंद कशी पडली ते मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. ३ जुलै १९५७ रोजी कोर्टाची परवानगी हातात पडताच कंपनीनं भर दुपारी गाड्या थांबवल्या. सकाळी त्याच गाडीनं कामाला गेलेले हजारो लोक संध्याकाळी घरी परतायला निघाले, तर गाडीच नाही. सीएसएमटीला संध्याकाळी सहाला पोचावं आणि लोकल कायमची बंद झालीय असं कळावं, तसं. डोळ्यांसमोर आणून बघा.

पुढे रूळ उखडले गेले, पट्टी रिकामी पडली. १९६३ साली मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातून निवृत्त झालेल्या निसर्गअभ्यासक मे थिल्गार्ड वॉट्स यांनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं : बुलडोझरच्या तोंडाला पाणी सुटलंय, त्याआधी इथे पायवाट करा. बाईंचं वय तेव्हा सत्तर. जुने लोहमार्ग पायवाटांत बदलण्याची कल्पना या देशात रुजली त्यात त्या पत्राचा वाटा मोठा. सत्तरीत माणसं पत्रं लिहितात ती बहुतेक सोसायटीच्या पाण्याबद्दल.

आता मका आणि सोयाबीन. इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण इथे प्रेअरी जवळजवळ उरलेलीच नाही. राज्याचा निम्म्याहून जास्त भाग, सुमारे २.२ कोटी एकर, एके काळी या गवताळ रानाखाली होता. खाली मुळांचं इतकं घट्ट विणकाम की लाकडी-लोखंडी नांगर त्यात चालत नसे. काळी चिकट माती फाळाला धरून बसायची आणि दर थोड्या अंतरावर थांबून ती खरवडावी लागायची. १८३७ मध्ये याच राज्यात, ग्रँड डिटूर गावी, जॉन डीअर नावाच्या लोहारानं गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि माती त्यावरून घसरू लागली. पुढच्या काही दशकांत रान संपलं. आज मूळ, न मोडलेली प्रेअरी उरलीय ती जेमतेम दोन-अडीच हजार एकर. तीही कुठे? जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेच्या पट्ट्यांत, कारण तिथे नांगर गेला नाही. शिवाय इंजिनाच्या ठिणग्यांनी त्या पट्ट्यांत अधूनमधून आग लागायची, आणि आग तर या गवताला हवीच असते. झाडझुडूप जळतं, गवत मुळांतून परत उठतं. हल्ली संवर्धनवाले मुद्दाम जाळतात. बटाव्हियाकडच्या फाट्याशेजारीच फर्मिलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. तिथे १९७५ मध्ये रॉबर्ट बेट्झ या प्राध्यापकानं अणूहून लहान कण प्रचंड वेगानं पळवणाऱ्या वर्तुळाकार यंत्राच्या मधल्या जागेत प्रेअरी परत पेरायला सुरुवात केली. हे गृहस्थ त्याआधी बरीच वर्षं जुनी थडगी धुंडाळत फिरत होते, गवतासाठी.

मी सोलापूरची. आमच्याकडे माळाला 'पडीक' म्हणत. सरकारी कागदावर पडीक आणि लोकांच्या तोंडीही पडीक. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य झालं तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न हाच होता की तिथे आहे काय, नुसतं कुसळ. शाळेतून येताना सलवारीला चिकटलेली कुसळं काढत बसायचो, त्यापलीकडे माळाशी संबंध नाही. त्या माळाकडे मी इथे येऊन, दुसऱ्याच्या माळावर सायकल चालवताना वळून पाहिलं. उशीरच झाला म्हणायचा.

गाडीतून हे काही दिसत नाही, हे मात्र खरं. ताशी शंभरनं गेलात तर हिरवं, मग पिवळं, मग गॅस स्टेशन. माझ्या ताशी चौदाला जुलैमध्ये कडेला जांभळट फुलांचं एक झुडूप दिसतं, इंग्रजीत बर्गमॉट. त्याचं पान चुरडून नाकाशी धरा : थेट ओवा. ओव्यातलाच थायमॉल त्यातही असतो. पहिल्यांदा वास आला तेव्हा मी सायकल आडवी टाकून तिथेच उभी राहिले होते, कुणाच्या स्वयंपाकघरात बाळंतिणीसाठी काही शिजतंय की काय म्हणून. जरा पुढे कंपास प्लांट, म्हणजे होकायंत्री झाड. त्याच्या खालच्या पानांच्या कडा उत्तर-दक्षिण धरतात, म्हणजे भर दुपारचं ऊन पानाच्या चपट्या अंगावर पडत नाही. आणि माझा सगळ्यात लाडका, प्रेअरी डॉक. सुपाएवढं पान, खरखरीत, पॉलिश पेपरसारखं. जुलैच्या उकाड्यात दोन वाजता त्याला तळहात लावा. गार लागतं. मुळं खोल गेलेली, पाणी तिथून वर येतं. माझी भाची पुण्याहून आली होती, तिला मी काही न सांगता म्हटलं, "गाल लाव." तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग लावला, आणि काढेचना.

ओढ्यांचंही सांगायला हवं. एल्महर्स्टजवळ ही वाट सॉल्ट क्रीक ओलांडते. नाव 'क्रीक' असलं तरी आपला ओढाच तो, पावसाळ्यातल्या दांडग्या ओढ्याएवढा. सपाट प्रदेशात पाण्याला कुठे जायची घाई नसते, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की ते पसरतं. काठावर घरं बांधण्यात शहाणपण नाही, म्हणून काठ बागांना आणि राखीव रानांना मिळाले. लाकडी बाकं, वाकलेले विलो, पाण्यात एका पायावर बगळ्याचा मोठा भाऊ. त्या काठानं दक्षिणेला ओक ब्रुकला गेलं की ग्राऊ मिल लागते, १८५२ ची पाणचक्की. गुलामगिरीतून निसटून उत्तरेला जाणाऱ्या माणसांना इथे लपवत. मी तिथे दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाते. एप्रिल-मेमध्ये मात्र जपून : पिल्लांसकट फिरणारे कॅनडा गूज, म्हणजे रानहंस, वाट अडवतात आणि मान खाली घालून फुस्स करत येतात. त्यांच्यापुढे मी सायकलवरून उतरते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पंक्चर, कपडे, हेल्मेट, हे सगळं दुकानदार सांगेल. मी एवढंच सांगते की पावसाच्या दुसऱ्या दिवशी या वाटेवर जाऊ नका. चुनखडीचा चुरा ओला असला की चाकाला चुन्यासारखा थापला जातो आणि चेन करकरायला लागते. माझी एक चेन त्यातच गेली.

या रविवारी पाऊस नाही, वारा पश्चिमेचा आहे. म्हणजे व्हीटनहून ऑरोराकडे तोंड करायचं. मी सातला निघणार. दशम्या चार जास्त करते.