तुम्ही विचारलेत म्हणून: कार्नेगी दाता होता की लुटारू?

अमेरिकेच्या इतिहासावर बोलण्यासाठी एखाद्या वाचनालयात गेलो, की शेवटी हा प्रश्न ठरलेला असतो. प्रश्न रास्तच आहे, कारण अमेरिकेचा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने जगभर अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसा दिला हे वाचनालयातल्या मंडळींना ठाऊक असते, आणि ज्यांनी थोडा इतिहास वाचला आहे त्यांना त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यावर कामगारांच्या झगड्यात झालेला गोळीबारही आठवत असतो. निम्मे पुण्य, निम्मे पाप असे सांगून मोकळे होता येते. मीही काही वर्षे तेच करीत असे. आता मात्र मला वाटते की त्याचा दानधर्म आणि त्याची मजुरीकपात ही एकाच खतावणीतली पाने आहेत, आणि ती खतावणी उघडल्याशिवाय या प्रश्नाला हात घालू नये.

कार्नेगीचा बाप स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावचा हातमाग विणकर होता. वाफेच्या मागांनी त्याचा धंदा बसवला आणि १८४८ साली हे कुटुंब पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनीत येऊन पोहोचले. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर सूतगिरणीत लागला, मग तार पोहोचवणारा पोऱ्या झाला आणि १८५३ पासून पेनसिल्व्हेनिया रेल्वेत नोकरीला राहिला. त्याच्या यशाची कहाणी सांगणारे इथे मेहनत आणि जिद्द यांवर थांबतात. मला महत्त्वाचे वाटते ते रेल्वेत तो जे शिकला ते. शेकडो मैल पसरलेला असा धंदा त्यापूर्वी कोणी चालवलेला नव्हता, त्यामुळे एक टन माल एक मैल नेण्यास किती खर्च येतो हे सतत मांडत राहण्याची सवय रेल्वेवाल्यांना लावून घ्यावी लागली होती. लोखंडाच्या धंद्यात मात्र वर्षअखेरीस मालाची मोजदाद होईपर्यंत आपण नफ्यात आहोत की तोट्यात, हेच कारखानदारांना कळत नसे. कार्नेगीने रेल्वेचा जमाखर्च भट्टीपाशी आणला. कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातून, किती कोळसा जळला आणि किती मजुरी पडली, हे त्याला हवे तेव्हा समजू लागले.

१८७५ साली ब्रॅडॉक येथे त्याचा पोलादाचा कारखाना सुरू झाला. त्याला त्याने एडगर थॉमसन हे नाव दिले. थॉमसन हे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष होते आणि रुळांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तीच रेल्वे होती. बाहेरून येणाऱ्या पोलादी रुळांवर १८७० पासून टनामागे २८ डॉलर आयात कर बसलेला होता, म्हणजे ज्याला आज खुल्या स्पर्धेचा नायक म्हणून मिरवतात त्याच्या अंगणाला सरकारने भक्कम कुंपण घालून दिले होते. असे असूनही त्याने नुसते कुंपणावर भागवले नाही, हेही मान्य केले पाहिजे. १८७०च्या दशकाच्या आरंभी शंभर डॉलरच्या वर असलेला टनभर रुळांचा भाव १८९८ पर्यंत अठरा डॉलरच्या खाली आला, आणि त्या भावातही तो नफा काढीत होता.

हा नफा कुठून येत होता, हे ब्रॅडॉकच्या पाळ्यांकडे पाहिले की कळते. तिथला व्यवस्थापक बिल जोन्स याने भागीदारी नाकारून भलामोठा पगार मागितला, तेव्हा कार्नेगीने त्याला वर्षाला २५,००० डॉलर वेतन दिले. भट्टीपुढे माणूस बारा तास धड काम करू शकत नाही, आठ तासांत तो अधिक माल काढतो, असे या जोन्सचे मत होते आणि त्याने ते ब्रॅडॉकमध्ये राबवूनही दाखवले होते. परंतु इतर कारखाने बारा तासांवरच राहिले आणि हिशेबात आठ तास महाग दिसू लागले. १८८८ साली कामगारांचा विरोध मोडून कार्नेगीने बारा तासांची पाळी पुन्हा आणली. पुढच्याच वर्षी, मार्च १८८९ मध्ये, त्याच ब्रॅडॉकमध्ये त्याचे अमेरिकेतले पहिले ग्रंथालय उघडले. त्याच्या तळघरात स्नानगृह होते. पाळी संपवून काजळीने माखून आलेल्या कामगाराने आधी अंघोळ करावी आणि मग वर जाऊन पुस्तक हातात घ्यावे, अशी ती योजना होती. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस वर जाऊन काय वाचणार, हे कोणी विचारले असते तर त्याचे उत्तर खतावणीत नव्हते.

त्याच १८८९ मध्ये त्याने संपत्तीवर एक लेख लिहिला आणि श्रीमंत म्हणून मरणे हे लांच्छन आहे, असे त्यात बजावले. हा लेख ढोंगी आहे असे मला वाटत नाही. उलट तो भयंकर प्रामाणिक आहे. वाढीव मजुरी घराघरांत चिमूट-चिमूट विरून जाते, तीच रक्कम एका शहाण्या हातात साठली तर समाजाचे अधिक भले होते, असा त्याचा युक्तिवाद आहे. शहाणा हात कोणाचा, हे अर्थातच त्याने स्वतःच ठरवून टाकले होते.

होमस्टेडला १८९२ मध्ये वाद झाला तोही एका आकड्यावरून. कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाला बांधलेली होती. भाव कितीही पडला तरी मजुरी ठरवताना तो टनामागे २५ डॉलरच्या खाली धरायचा नाही, असा करार होता. कंपनीला ही मर्यादा २२ वर आणायची होती आणि त्यानिमित्ताने संघटनाच मोडायची होती. कार्नेगी स्कॉटलंडला निघून गेला आणि कारभार त्याचा भागीदार हेन्री फ्रिक याच्याकडे राहिला. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण उभारून टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या भाडोत्री पहारेकरी पुरवणाऱ्या कंपनीची तीनशे सशस्त्र माणसे दोन पडावांतून मोनोंगहेला नदीने आली, तेव्हा काठावर कामगार आणि त्यांच्या घरच्या बायका जमलेल्या होत्या. दिवसभर गोळीबार चालला. सायंकाळी पडावांतली माणसे शरण आली, तोपर्यंत दोन्ही बाजूंची मिळून दहाएक माणसे मेली होती. मग राज्याचे सैन्य आले, नोव्हेंबरपर्यंत संप विझला आणि संघटना संपली. १८९८ साली होमस्टेडलाही भव्य ग्रंथालय मिळाले, त्यात संगीतगृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा होता.

दान देतानाही त्याची खर्चाची दृष्टी सुटली नाही. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून उभी करून पुस्तके व पगार भागवावेत, अशी त्याची साधारण अट असे. ही अट मला त्याच्या सगळ्या कारभारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळे ग्रंथालय गावाचे झाले. १९०१ साली बँकर जे. पी. मॉर्गनने त्याचा सगळा धंदा ४८ कोटी डॉलरना विकत घेतला, आणि १९१९ मध्ये मरेपर्यंत त्याने सुमारे ३५ कोटी डॉलर वाटून टाकले.

यावर कोणीतरी हटकून विचारते की आपले टाटाही त्यातलेच का. १९०२ साली जमशेटजी अमेरिकेला गेले तेव्हा पिट्सबर्गलाही गेले होते; तिथे ज्या ज्युलियन केनेडीचा सल्ला त्यांनी घेतला तो कार्नेगीच्याच भट्ट्यांवर तयार झालेला माणूस होता. १९०७ मध्ये मुंबईत कंपनीची नोंदणी झाली आणि साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, कारखाना उभा राहिला. तिथेही १९२० साली मजुरीवरून संप झालाच. परंतु साकचीत आठ तासांची पाळी १९१२ मध्ये लागू झाली, आणि बिल जोन्स जी मागत होता तीच पाळी पिट्सबर्गच्या भट्ट्यांवर यायला १९२३ साल उजाडले.