जानोसा, गिझर आणि बळद

आतेभावाच्या मुलाचं लग्न नाशिकला ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आत्याला झाला, नातवाचं लग्न म्हणून कमी आणि माहेरच्या गावात लग्न म्हणून जास्त. ती जुन्या नाशकातली, लग्न होऊन ठाण्याला आली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली तरी बोलताना अजून "आमच्या गंगेवर" असंच म्हणते, गोदावरी हा शब्द तिच्या तोंडून फक्त संकल्पाच्या वेळी निघतो.

आम्ही वरपक्ष, चाळीस माणसं, म्हणजे जानोसा, वऱ्हाडाची उतरायची सोय, मुलीकडच्यांनी बघायची. लग्नाचं लॉन गंगापूर रोडला, आनंदवल्लीच्या पुढे, तिकडे चांगली चकाचक हॉटेलं आहेत, लिफ्ट असलेली, पार्किंग असलेली. पण विहीणबाईंच्या कानावर गेलं होतं की वरआजींचं बालपण वाड्यात गेलंय, म्हणून त्यांनी मुद्दाम गावात, सराफ बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, एका दीडेकशे वर्षं जुन्या वाड्याचं हॉटेल केलंय तिथे आमची सगळी सोय केली. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे गिझरचा विषय येणार आहे आणि माणसं खरंच चांगली होती.

पहिली गंमत म्हणजे बस. बस त्या गल्लीत जाणं शक्यच नव्हतं, रिक्षा समोरून आली तरी दोघांपैकी एकाला रिव्हर्स मारावा लागतो अशी गल्ली. बस थांबली घाटाजवळ आणि तिथून सामान हातगाडीवर. शालूची बॅग, फेट्यांचे खोके, कोणाची तरी सीपॅप मशीन, आणि सगळ्यात वर दादाचा सूट हँगरला लटकवलेला, अशी ती हातगाडी भांडी बाजारातून चालली होती आणि मागे आम्ही चाळीस जण, दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एकाने विचारलं पण, "कुठलं वऱ्हाड?"

दुसरी गंमत दरवाजा. मोठा दरवाजा बंद आणि त्यातला दिंडी दरवाजा उघडा. आत्या ओणवी होऊन अशी सहज आत गेली की जणू कालच बाहेर पडली होती, आणि तिच्या मागे दादा, म्हणजे नवरदेवाचे वडील, फोनवर बोलत ताठ मानेने. खण्णकन आवाज आला. ते टेंगूळ लग्नाच्या प्रत्येक फोटोत आहे, फोटोग्राफरने एडिट करून देतो म्हटलं तर आत्या म्हणाली, "राहू दे, बापाला अक्कल आल्याचा पुरावा आहे तो."

आत मात्र छान होतं. मधे चौक, तुळशीवृंदावन, चारी बाजूंनी सागवानी खांब, वर लाकडी कठडे, आणि सगळीकडे पिवळे दिवे. खोल्यांना नंबर नाहीत, नावं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सीतागुंफा वगैरे. मॅनेजर म्हणजे पस्तिशीचा मुलगा, प्रत्येकाला गूळ-पाणी दिलं आणि "हेरिटेज टूर" देतो म्हणाला. ती टूर त्याला नीट देताच आली नाही कारण आत्या सोबत होती.

तो म्हणाला हा आमचा डायनिंग हॉल. आत्या म्हणाली, हा गोठा. "बघ ना फरशीला उतार, आणि ती कडेची मोरी, शेण-मूत धुऊन काढायला." मुलीकडचे एक काका नुकतेच तिथे बसून सूप पीत होते, त्यांनी वाटी खाली ठेवली. मॅनेजर म्हणाला हे रिसेप्शन पूर्वीचा दरबार हॉल होता. आत्या म्हणाली, कसला दरबार, ही ढेलज, इथे दिवाणजी वही घेऊन बसायचे आणि चपला काढायच्या. मग मला दिलेली खोली, अंजनेरी. खिडकी नाही, भिंती हातभर जाड, एका भिंतीत काचेचं शेल्फ केलेलं आणि त्यात लाइट लावून पितळी घोडा ठेवलेला. आत्याने त्या शेल्फमधे हात घालून आतली भिंत चाचपली आणि म्हणाली, "हे बळद आहे गं. ही कोठीची खोली. वरून धान्य ओतायचं, खालून काढायचं. तुला गव्हात झोपवलंय." वाडा तिचा नाही, ती आधी कधी इथे आली पण नव्हती, पण वाडे सगळे एकाच सुताराने बांधल्यासारखे असतात म्हणाली, एक वापरला की बाकीचे डोळे मिटून कळतात.

खरी धमाल पुढे होती. सगळ्यात महागडी खोली, नवरा-नवरीसाठी लग्नाच्या रात्रीची बुक केलेली, तिला ते हनिमून स्वीट म्हणतात. अगदी आतल्या बाजूला, माजघराच्या पलीकडे, अंधारी, ऊबदार, छताला एक झरोका फक्त. आत्याने दारातूनच पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. वहिनीने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "ही बाळंतिणीची खोली आहे. वारा लागू नये म्हणून खिडकी ठेवत नसत. बाजेखाली शेगडी, वर बाळंतशोपाचा धूर. घाई झालीय का हॉटेलवाल्यांना?" मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

संध्याकाळी लॉनवर सीमंतपूजन झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईवरून पडलेलं, आधीचं गाव चावंडस, आणि हे कळल्यापासून आमचे एक मेहुणे "इथे कोणाला काही लिहून देऊ नका, ध चा मा होईल" हा जोक प्रत्येक टेबलावर जाऊन सांगत होते. थंडी मात्र मरणाची होती. डिसेंबरचा पहिला आठवडा, रोज पेपरात निफाडचा पारा छापून येतो ते दिवस.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आत्याने मला उठवलं, चल गंगेवर. मी गव्हासारखी निवांत झोपले होते, पण वरआजीला नाही कोण म्हणणार. अंधारातच निघालो. आधी ती तिच्या माहेरच्या वाड्याच्या जागी गेली. तिथे आता पाच मजली अपार्टमेंट आहे, खाली मोबाईल कव्हरचं दुकान. मी दहा वर्षांची असेपर्यंत त्या वाड्यात सुट्टीला यायचे, मला जिना आठवतो, त्याची दोरी आठवते, बाकी काही नाही. भाऊबंदकी, भाडेकरू, कोर्ट, मग एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि मग बिल्डर, नाशकातल्या निम्म्या वाड्यांची हीच कथा आहे, दर जूनमधे महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि दर वर्षी एक-दोन तरी कोसळतातच. आत्या तिथे मिनिटभर उभी राहिली, "आपला आड कुठे गेला असेल गं, बुजवला की लिफ्ट घातली त्यात" म्हणाली आणि चालायला लागली.

रामकुंडावर त्या वेळीही गर्दी होती, दशक्रियेची माणसं, कुडकुडत डुबकी मारणारी मुलं, चहावाले. आत्या आधी दुतोंड्या मारुतीकडे गेली. बाहेरच्यांना सांगायला हवं, हा मारुती म्हणजे नाशिककरांची मोजपट्टी आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की कोणी क्युसेक बिक्युसेक विचारत नाही, मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते विचारतात, गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. १९६९ च्या महापुरात आत्या बावीस वर्षांची होती. तेव्हा मारुती पूर्ण पाण्याखाली गेला, पाणी सराफ बाजारात शिरलं आणि माणसं पाणी नारोशंकराच्या मंदिरातल्या घंटेला लागतंय का ते बघत होती. ती घंटा म्हणजे वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आणलेली, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे, आणि मंदिर १७४७ चं. मला हे सगळं आत्या सांगत असताना माझे पाय गारठून गेले होते आणि डोक्यात एकच विचार होता, परत गेल्यावर कढत पाण्याने आंघोळ.

परत आलो तर चौकात सगळं वऱ्हाड टॉवेल घेऊन उभं.

झालं होतं असं की चौदा खोल्या, प्रत्येक खोलीत दोन किलोवॅटचा गिझर, आणि लग्नाच्या दिवशी सहा वाजता सगळ्यांनी एकाच वेळी बटण दाबलं. मेन उडाला. चढवला, परत उडाला, तिसऱ्यांदा जळका वास आला. मॅनेजरने शहाणपणा केला आणि परत चढवलाच नाही, म्हणाला सगळा वाडा लाकडाचा आहे, मी रिस्क घेणार नाही, इलेक्ट्रिशियन नऊला येईल. बरोबरच होतं त्याचं, पण मुहूर्त बारा वीसचा, आणि नवरदेव तेव्हा पाटावर बसलेला, पाच सुवासिनींनी त्याला कपाळापासून पायापर्यंत हळद फासलेली, आणि बाहेर नऊ डिग्री.

आता इथे खरी अडचण समजून घ्या. आपण वरपक्ष. मुलीकडच्यांना फोन करून गरम पाणी नाही म्हटलं की ती तक्रार राहत नाही, तो मानपान होतो, पुढची वीस वर्षं तो विषय निघतो. त्यातून त्यांनी हे हॉटेल आत्याच्या मायेपोटी घेतलेलं. त्यामुळे दादाने चौकात सगळ्यांना बजावलं, एक शब्द बाहेर जायला नको. आणि तेवढ्यात दिंडी दरवाजातून ओणवा होत मुलीचा भाऊ आला, उष्टी हळद न्यायला.

"सगळं व्यवस्थित ना? काही कमी-जास्त?"

चाळीस माणसं एका सुरात, "छे छे, उत्तम!" मागे पिवळाधमक नवरदेव चादर गुंडाळून दात वाजवत होता. मुलीच्या भावाने विचारलं, जिजाजींना बरं नाही का, तर आत्या शांतपणे म्हणाली, "मंत्र म्हणतोय." हळदीची वाटी घेऊन तो गेला आणि मग जे हसलो सगळे.

आत्याची नजर मात्र कधीची ढेलजेतल्या बंबावर होती. तांब्याचा बंब, लख्ख घासलेला, वरच्या नळकांड्यात मनी प्लँट लावलेला. ती म्हणाली, काढ ते झाड, कोळसे आण, अर्ध्या तासात पाणी देते. मॅनेजर म्हणाला, "आजी, तो शोपीस आहे." "शोपीस? अरे ह्याच्यावर आम्ही बारा माणसं न्हायचो." ती खाली बसली, बंबाच्या पोटाचं खालचं दार उघडलं, जिथे राख पडते तिथे, आणि आतून निघाली एलईडीच्या दिव्यांची माळ. जाळी गायब. तोटी फिरवून पाहिली तर ती झाळून बंद केलेली. आत्या त्या तोटीला बोट लावून जरा वेळ तशीच बसली, मग उठली आणि सरळ गोठ्यात, म्हणजे डायनिंग हॉलच्या मागे गेली, जिथे नाश्त्याचे आचारी पोह्यांची तयारी करत होते. काय बोलली माहीत नाही. पाच मिनिटांत पोह्यांची कढई खाली आणि दोन मोठी तपेली पाण्याने भरून भट्टीवर.

मग रांग लागली, बादल्या घेऊन. जिना इतका अरुंद की भरलेली बादली वर आणि रिकामी खाली एकदम जाऊ शकत नाहीत, म्हणून वरती एक मेहुणा आणि खाली एक मेहुणा असा ट्रॅफिक पोलिसांचा बंदोबस्त. वरती माणसं धावली की खालच्या खोल्यांमधे कडीपाटातून माती गळायची, वहिनीचा अर्धा मेकअप झालेला, तिच्यावर दीडशे वर्षांपूर्वीची धूळ. आणि नवरदेवाला शेवटी आत्याने चौकातच, तुळशीशेजारी पाटावर बसवून, तपेल्यातलं पाणी तांब्याने घालून न्हाऊ घातलं. अंगातून वाफा निघत होत्या, वरच्या कठड्यावरून सगळे वाकून बघत होते, फोटोग्राफर वेड्यासारखा फोटो काढत सुटला. अल्बमचं कव्हर तेच झालंय. विहीणबाईंना वाटतं आमच्याकडची पद्धतच आहे ती, चौकात न्हाऊ घालायची. कोणीही खुलासा केलेला नाही.

पोहे मात्र नऊपर्यंत मिळाले नाहीत, मग सातआठ जण फेटे बांधून बाहेर जाऊन काळ्या रश्शाची मिसळ चापून आले आणि मंगलाष्टकांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून सारखा ढेकरांचा आवाज येत होता. लग्न वेळेत लागलं. कानपिळी, विहिणींची पंगत, पाठवणी, सगळं जसं व्हायचं तसं. नवरा-नवरी रात्री बाळंतिणीच्या खोलीत गेले, आत्याने दारात मीठ-मोहरी ओवाळली आणि मॅनेजरकडे बघून डोळा मारला.

मला विचाराल तर खोलीला दिलेले पैसे (आमचे नव्हे, विहीणबाईंचे) जरा जास्तच होते. वायफाय फक्त चौकात, चहा गार, खोलीत खिडकी नाही. पण तो वाडा उभा आहे, आमचा नाही, आणि उभा आहे तो कोणीतरी पैसे देऊन बळदात झोपतं म्हणून, हेही आहेच.

तिसऱ्या दिवशी चेकआउटला मॅनेजर वही घेऊन आत्याच्या समोर येऊन बसला, म्हणाला आजी, कुठली खोली काय होती ते सगळं सांगा, मी पाट्या करतो. आत्याने तासभर सांगितलं, ढेलज, ओसरी, माजघर, कोठी, न्हाणीघर, त्याने सगळं लिहून घेतलं. एकाच खोलीवर अडलं. "ती पाटी नको आजी, धंदा बसेल." हातगाडी दारात तयार होती तरी दोघं त्यावर वाद घालत होते.

गेल्या महिन्यात एक मैत्रीण तिथे राहून आली. तिला मुद्दाम सांगून पाट्यांचे फोटो मागवले, खरंच केल्यात त्याने, पितळी, छान अक्षरात. हनिमून स्वीट हनिमून स्वीटच आहे. माझ्या खोलीबाहेर लिहिलंय "बलद, धान्य साठवण्याची जागा". फोटो आत्याला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "ळ कुठे गेला?"