दोन घरं सोडताना

फुली-गोळ्याचं आयुष्य थोडं. दोन्ही खेळणारे जागे असले की डाव बरोबरीत सुटतो, आणि हे एकदा कळलं की त्या नऊ खणांत काही राम उरत नाही. मग पेन्सिल ठिपक्यांकडे वळते.

चार ओळी, दर ओळीत चार ठिपके. गणिताची चौकटींची वही असेल तर उत्तम, एक-एक चौकट सोडून ठिपका द्यायचा. कोऱ्या कागदावर ठिपके वाकडेतिकडे पडतात आणि पुढे ही रेघ नेमकी कोणत्या दोन ठिपक्यांमधली, यावरून भांडण होतं. शेजारचे दोन ठिपके आडव्या किंवा उभ्या रेघेने जोडायचे, पाळीपाळीने. चौथी बाजू ज्याच्या हातून पडेल त्याचं घर. त्याने आत आपलं आद्याक्षर लिहायचं आणि लगेच आणखी एक रेघ मारायची. (समीर आणि सायली समोरासमोर बसले असतील तर अक्षरांऐवजी फुली आणि गोळा बरा.) सोळा ठिपक्यांत रेघा २४ आणि घरं नऊ. नऊ विषम असल्यामुळे बरोबरीची सोयच नाही.

हा खेळ १८८९ साली छापून आणला तो एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने. मनोऱ्याच्या चकत्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यायचं कोडं त्याचंच. अशा माणसाने हात लावलेला खेळ निव्वळ वेळ घालवण्यासाठी असेल, हे मानणं जरा कठीणच.

सुरुवातीच्या रेघा बिनधोक असतात. कोणत्याही घराची तिसरी बाजू आपण मारायची नाही, एवढं पथ्य पुरतं. थोड्या वेळाने मात्र कुठेही रेघ मारली तरी कुणाचं तरी घर उघडं पडतं, अशी वेळ येते. तोवर कागदावर घरांच्या रांगा तयार झालेल्या असतात. रांगेतलं एक घर उघडलं की पत्त्यांच्या बंगल्यासारखी सगळी रांग जाते.

नवखा इथेच फसतो. समोरच्याने पाच घरांची रांग उघडून दिली की तो पाचही घरं अधाशासारखी घेतो. पाचवं घर झालं की नियमाप्रमाणे पुन्हा रेघ त्यालाच मारावी लागते, बिनधोक जागा उरलेली नसते, आणि पुढची रांग त्याच्याच हाताने उघडते. मुरलेला खेळाडू तीन घरं घेऊन थांबतो. उरलेल्या दोन घरांच्या मधली रेघ मारायची सोडून तो रांगेचं पलीकडचं टोक बंद करतो. आता दोन घरांचा एक लांबट आयत उरतो आणि त्यात फक्त मधली रेघ नसते. समोरचा ती मारतो, एका रेघेत दोन घरं मिळवतो, खूश होतो, आणि लगेच त्याच्या लक्षात येतं की पुढची रेघही आपलीच आहे. पुढची रांग तो उघडून देतो. त्यातही शेवटची दोन सोडायची. अगदी शेवटच्या रांगेत मात्र सगळी घ्यायची, तिथे औदार्य नको.

ही युक्ती तीन किंवा जास्त घरांच्या रांगेत चालते. रांग गोल फिरून स्वतःलाच मिळत असेल तर दोनऐवजी चार घरं सोडावी लागतात, तेव्हा हिशेब करूनच. आणि दोनच घरांची रांग आपल्याला उघडून देणं भाग असेल तर टोकाची रेघ कधीच मारू नये, मधली मारावी. टोकाची मारली तर समोरचा दुसरं टोक बंद करून ती दोन घरं आपल्याच गळ्यात घालतो. मधली मारली की त्याला ही पळवाट राहत नाही.

घरं मोजून कंटाळा आला की स्प्राउट्स. जॉन कॉनवे आणि मायकेल पॅटर्सन यांनी १९६७ साली केंब्रिजमध्ये हा खेळ काढला. कागदावर दोन ठिपके. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत, किंवा फिरून त्याच ठिपक्यापर्यंत, हवी तशी वळणाची रेघ काढायची आणि त्या रेघेवर कुठेही एक नवा ठिपका द्यायचा. रेघेने रेघ ओलांडायची नाही, एका ठिपक्याला तीनपेक्षा जास्त टोकं चिकटू द्यायची नाहीत. ज्याला चाल उरली नाही तो हरला. फिरून त्याच ठिपक्याला आलेल्या रेघेची टोकं दोन धरायची, हे हमखास विसरलं जातं. तिन्ही जागा भरलेल्या ठिपक्यावर बारीक काट मारत गेलं तर वाद होत नाहीत. पेन्सिलीला टोक हवं आणि पहिले ठिपके ऐसपैस लांब हवेत, नाहीतर चौथ्या चालीला रेघ शिरवायला जागाच सापडत नाही.

डाव लांबेल अशी भीती नको. दोन ठिपक्यांकडे मिळून सहा जागा. दर चालीत दोन खर्च होतात आणि नव्या ठिपक्यावर एक मिळते, म्हणजे एक घटते. शेवटच्या ठिपक्यावरची एक जागा वाया जातेच, तेव्हा फार तर पाच चाली. कमीत कमी चार. जिंकणं-हरणं या एका चालीच्या फरकावर असतं. एखादा जिवंत ठिपका रेघेच्या कुंपणात असा कोंडायचा की कुणालाच तो वापरता येऊ नये, आणि चालींची सम-विषम आपल्या बाजूला फिरवायची. बिनचूक खेळलं तर दोन ठिपक्यांच्या डावात दुसरा जिंकतो, तीन ठिपक्यांच्या डावात पहिला. तेव्हा ‘आधी तू खेळ’ असा आग्रह समोरून झाला, तर ठिपके किती आहेत ते आधी पाहून घ्यावं.