सुताच्या काट्यावर कॅमेरे

पाडव्याची वहीपूजा आटोपली, पेढे खाऊन सगळे पांगले, आणि मी पेढीवरच्या काट्यावर माझा जुना कॅनन 700डी ठेवला. सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा तो, ग्रॅमला ग्रॅम खरा. 18-135 लेन्स आणि पट्ट्यासकट आकडा आला 1 किलो 110. हौसेनं घेतलेला हा कॅमेरा दोन वर्षं माझ्याबरोबर फिरला, मग कपाटात गेला तो लग्न-मुंजीपुरताच बाहेर यायचा. रोज मी सोलापुरात अशोक चौकातून पूर्व भागातल्या कारखान्यांत वसुलीला जातो. डोळ्यांसमोर काय काय असतं! माग, रंगाच्या हौद्या, दारात कांड्या भरत बसलेल्या बायका. फोटो मात्र मोबाइलवर, आणि मागाच्या अंधाऱ्या खोलीत मोबाइल माणसाचा चेहरा लोण्यासारखा गुळगुळीत करून टाकतो.

म्हणून ठरवलं, छोटा मिररलेस घ्यायचा, म्हणजे आत आरसा नसलेला सुटसुटीत कॅमेरा. बजेट सत्तर हजार, लेन्ससकट.

पुढचे दोन महिने मी नुसती तुलना केली. रात्री जेवण झालं की वही काढायची आणि रकाने भरायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, ही खतावणी कुणाची?" लग्नाच्या ऑर्डरी घेणारा एक मित्र आहे, तो तर रोज विचारायचा, "काय मालक, आज कुठला कॅमेरा कागदावर घेतला?" त्याचं मत ठाम: घ्यायचा तर फुल फ्रेम. त्याच्याकडे सोनीचा ए7सी आहे. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, 36 बाय 24 मिलिमीटर, त्याहून छोट्या एपीएस-सीचा साधारण 23.5 बाय 15.6, म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त. अंधारात त्याचा फायदा होतो, यात वादच नाही.

मी त्याला म्हटलं, पेढीवर ये आणि कॅमेरा घेऊन ये. पुतणीलाही तिचा कॅनन आर50 आणायला सांगितला. मित्राच्या सहायकाकडे सोनी ए6400 होता, तोही आला. हे दोन्ही एपीएस-सीवाले. चहा मागवला आणि काटा शून्यावर आणला.

ए7सीची नुसती बॉडी 509 ग्रॅम. सोबतची 28-60 लेन्स लावली की 676. वाईट नाही, मलाही मोह झाला. पण ती लेन्स उजेडातली. अंधारासाठी त्याची 35 एमएम एफ/1.8 लावली (एफपुढचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त) आणि काटा 789 वर गेला. ए6400 आपल्या 16-50 सकट 519. आर50 त्याच्या 18-45 सकट 505. माझ्या वहीतले रकाने त्या दुपारी निम्मे निकालात निघाले. फुल फ्रेमवाल्यांनी बॉडी कितीही आखूड केली तरी काच आखडत नाही. सेन्सर मोठा तशी लेन्सही मोठी लागते. 789 ग्रॅम मी रोज गळ्यात घालणार नाही, हे मला माझ्या 700डीनंच शिकवलं होतं. मित्राला राग आला नाही. "तुझा काटाच खोटा," एवढं म्हणून त्यानं दुसरा चहा मागितला.

मेगापिक्सेलवर मी फार वेळ घालवला नाही. आर50 आणि ए6400 दोन्ही 24 मेगापिक्सेलचे. माझ्या भिंतीवर लावायच्या फोटोला ते पुरून उरतात.

त्यानंतर एक दिवस सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो, दुकानात हाताळून बघायला. फुजीचा एक्स-एम5 हातात घेतला आणि खरं सांगतो, तो ठेवावासा वाटेना. 355 ग्रॅम, वर रंगांची तबकडी, दिसायला देखणा. पण त्याला डोळा लावायची खिडकी नाही. जे काही बघायचं ते मागच्या पडद्यावर. सेल्समनला विचारून दाराबाहेर उन्हात नेला, तर पडद्यावर माझंच टक्कल दिसलं. ही पुण्याची हिवाळ्यातली उन्हं. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर जातो आणि सात रस्ता चौकात दुपारी रस्त्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दिपतात. व्ह्यूफाइंडर नसलेले सगळे कॅमेरे त्या दारातच बाद झाले. निकॉनचा झेड30 माझ्या यादीत वर होता, तोही.

एका दुकानात ए6400 बराच स्वस्त सांगितला. बिल मागितलं तर "बिलाशिवायचा भाव आहे, काका" असं उत्तर आलं. माल बाहेरून आणलेला, भारतात वॉरंटी नाही. जन्म पेढीवर गेलेल्या माणसाला कुणी असलं सांगावं! परत फिरलो.

उरले आर50 आणि ए6400. यांचा निकाल काट्यावर लागणार नव्हता. दोघांच्याही बॉडीत थरथर आवरायची सोय नाही, ती लेन्समध्ये असेल तरच. म्हणून दोन्ही कॅमेरे उसने घेऊन ओळखीच्या एका चादरीच्या कारखान्यात गेलो.

तिथं पहिल्या दहा मिनिटांत माझी फजिती झाली. शिष्टपणा करून ए6400 वर सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर लावलं होतं. (मागांच्या त्या खडखडाटात शटरचा आवाज कुणाला ऐकू जाणार होता, देव जाणे.) घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत आडवे काळपट पट्टे, जणू कुणी चादरीचं डिझाइनच फोटोवर विणलं आहे. कारण साधं: आपली वीज 50 हर्ट्झची, जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एका दमात न वाचता ओळीओळीनं वाचतं. काही ओळींना उजेड मिळतो, काहींना कमी. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकल शटर लावून वेग 1/100 सेकंदावर ठेवला आणि पट्टे गेले.

दुसरी अडचण उजेडाची. आर50 ची किट लेन्स झूम केली की एफ/6.3 पर्यंत बारीक होते. एफ/1.8 ची लेन्स तिच्या बारा पट उजेड आत घेते. कॅननची 50 एमएम एफ/1.8 हलकी आहे, 160 ग्रॅम, पण आर50 वर ती 80 एमएमसारखी वागते, म्हणजे दृश्य फार जवळ ओढते. दोन मागांमधल्या बोळात पाठ भिंतीला टेकली तरी विणकराचा नुसता कान आणि अर्धी मिशी यायची. 28 एमएमची चपटी लेन्स छान बसली असती, पण ती एफ/2.8. सोनीकडे एपीएस-सीसाठीच बनवलेली 35 एमएम एफ/1.8 आहे, 154 ग्रॅमची, आणि थरथर आवरायची सोय लेन्समध्येच. ए6400 ला ती लावली की सगळं मिळून 557 ग्रॅम. माझ्यापुरता निकाल तिथं लागला. पुतणीला व्हिडिओ करायचे असतात, तिच्यासाठी आर50 च बरा; त्याचा मेनूही माणसाला कळतो. सोनीचा मेनू म्हणजे जुन्या भाडेकरूचं कपाट, कुठली वस्तू कुठं असेल सांगता येत नाही.

मित्राचा सहायक फुल फ्रेमवर जाणारच होता. त्याचाच ए6400 मी 45 हजारांना घेतला, लेन्स दुसऱ्याकडून 22 हजारांना. घेण्याआधी सेन्सरवर धूळ आहे का बघायला एफ/16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. वरच्या कोपऱ्यात तीन काळे ठिपके. धूळच होती, फुंकणीच्या चार फुंकरांत गेली. कोकणातले लोक लेन्सला बुरशी येते म्हणून रडतात, सोलापुरात ती चिंता जवळपास नाही. इथं धूळ आणि कापसाचं तूस. तेव्हापासून कारखान्यात लेन्स बदलायची नाही, हा नियम.

संक्रांत आली. 13 जानेवारीला सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला कॅमेरा गळ्यात घालून संमती कट्ट्याजवळ उभा राहिलो. सात नंदीध्वज, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र", आणि जिकडंतिकडं पांढऱ्या बाराबंद्या, बंदांचे अंगरखे. एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो आणि सगळं राखाडी करतो. एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, दोन-तृतीयांश स्टॉप वर नेलं तेव्हा बाराबंदी बाराबंदीसारखी दिसली. गर्दीत हात वर करून, पडदा खाली वळवून काढलेले फोटो सगळ्यांत चांगले आले. एक बॅटरी दुपारीच संपली, दुसरी खिशात होती म्हणून निभावलं.

गेल्या आठवड्यात कारखान्यातला एक फोटो छापून त्या विणकराला दिला. 1/50 वर काढलेला: माणूस स्थिर, चेहरा स्वच्छ, आणि मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या जागी नुसती एक पुसट रेघ. मला तो फार आवडला होता. त्यानं हातातली कांडी खाली ठेवली, फोटो ट्यूबखाली धरला, उलटसुलट केला.

"मालक, सगळं आलंय की ओ. धोटा कुठं गेला?"

उद्या 1/500 लावून पुन्हा जायचंय.